सरावाच्या राउटरांना वाय-फायमधून इंटरनेट कसे द्यावे?

वाचकाचे पत्र: मी नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी घरीच करतो आहे. माझ्या खोलीत तीन जुने राउटर आणि दोन स्विच मांडून सरावापुरती एक प्रयोगशाळा उभी केली आहे. यातल्या एकाही उपकरणात वाय-फाय नाही. इंटरनेटचा राउटर घराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि मध्ये केबल ओढण्याची सोय नाही. म्हणून इथरनेट पोर्ट असलेला एक रेंज एक्स्टेंडर (वाय-फायची पोहोच वाढवणारे उपकरण) आणून तो स्विचला जोडला. त्या स्विचवरच्या लॅपटॉपला इंटरनेट मिळते, परंतु राउटरांच्या मागे असलेल्या संगणकांना मिळत नाही. एक्स्टेंडरकडे जाणारा पोर्ट ट्रंक (अनेक आभासी नेटवर्कांची वाहतूक एकत्र नेणारा) करून पाहिला, तर लॅपटॉपचेही बंद पडले. त्यातच परवा घरातील दोन मोबाइलचे इंटरनेट अचानक गेले आणि मी प्रयोगशाळा बंद केल्यावरच ते परत आले. आता वेगळे उपकरण घ्यावे की जुना लॅपटॉप मध्ये ठेवावा? आणि जीएनएस-३ मध्ये (संगणकावर नेटवर्कची नक्कल करणाऱ्या प्रणालीत) वाय-फाय जोडतानाही असाच अडथळा का येतो?

उत्तर:

आपले पत्र वाचल्यावर पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती ही की, बहुधा आपल्याला नवीन काहीही विकत घ्यावे लागणार नाही. आणलेला एक्स्टेंडर या कामाला पुरेसा आहे. फक्त त्याची केबल चुकीच्या उपकरणात गेली आहे. ती स्विचमधून काढून एका राउटरच्या पोर्टमध्ये लावावी आणि त्या राउटरला प्रयोगशाळेचे एकमेव प्रवेशद्वार करावे, एवढाच माझा सल्ला आहे. मात्र असे का करायचे हे समजल्याशिवाय आपल्या तिन्ही अडचणींचा उलगडा होणार नाही, आणि परीक्षेच्या दृष्टीने तो उलगडाच अधिक उपयोगाचा आहे.

वायरलेस दुव्याकडे आपण ‘अदृश्य केबल’ म्हणून पाहतो आणि तिथेच फसतो. साध्या इथरनेट फ्रेममध्ये, म्हणजे केबलवरून जाणाऱ्या माहितीच्या एका तुकड्यात, दोन मॅक पत्ते (उपकरणांच्या नेटवर्क कार्डांचे पत्ते) असतात: पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. मधला स्विच त्यात काहीही बदलत नाही, त्यामुळे एका पोर्टमागे एक संगणक असो की पन्नास, त्याला फरक पडत नाही. वाय-फायची, म्हणजे ८०२.११ या मानकाची, रीत निराळी आहे. ग्राहक-उपकरणाकडून ॲक्सेस पॉइंटकडे (वाय-फाय पुरवणाऱ्या उपकरणाकडे) जाणाऱ्या फ्रेममध्ये तीन पत्ते असतात: ज्या ॲक्सेस पॉइंटने ती फ्रेम उचलायची त्याचा, ज्या रेडिओने ती हवेत सोडली त्याचा, आणि ती अखेरीस जिथे पोहोचायची त्या उपकरणाचा. फ्रेम हवेत सोडणारा आणि तिचा मूळ लेखक हे एकच आहेत असे इथे गृहीत धरलेले असते. परतीच्या फ्रेममध्येही तेच होते. ती उचलणारा रेडिओ हाच शेवटचा मुक्काम मानला जातो आणि त्या रेडिओमागे इथरनेट पोर्टवर आणखी कोणी बसले आहे हे लिहायला जागाच नसते. शिवाय ज्या मॅक पत्त्याने रीतसर नोंदणी केलेली नाही त्याच्या नावाने आलेली फ्रेम ॲक्सेस पॉइंट स्वीकारत नाही.

चार पत्त्यांची फ्रेम मानकात नाही असे नाही. फ्रेमवरचे ‘टू डीएस’ आणि ‘फ्रॉम डीएस’ हे दिशा सांगणारे दोन्ही बिट १ असले की चौथा पत्ता वापरात येतो आणि मग वायरलेस दुवा बराचसा केबलसारखा वागू लागतो. डब्ल्यूडीएस या नावाने ही सोय काही उपकरणांत दिलेली असते. परंतु तिच्यासाठी दोन्ही टोकांची उपकरणे एकाच पद्धतीने बोलणारी लागतात, निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे या बाबतीत एकमेकांशी जुळतीलच असे नाही, आणि इंटरनेट पुरवणाऱ्याने बसवून दिलेल्या राउटरवर ही सोय सापडणे तसे दुर्मीळच.

म्हणून बाजारातला सर्वसाधारण एक्स्टेंडर एक युक्ती करतो. आपल्या इथरनेट पोर्टवर आलेल्या प्रत्येक फ्रेमवरचा मूळ मॅक पत्ता पुसून तिथे तो स्वतःचा पत्ता लिहितो आणि कोणत्या आयपी पत्त्यामागे खरा मॅक पत्ता कोणता होता याची नोंद ठेवतो. उत्तर आले की त्यातला आयपी पत्ता पाहून तो योग्य मॅक पत्ता परत चिकटवतो. एखाद्या टीव्हीला किंवा प्रिंटरला जोडण्यासाठी ही युक्ती उत्तम आहे. पण तिचा सारा आधार आयपी पत्त्यावर आहे, हे लक्षात घ्यावे. ज्या फ्रेममध्ये आयपी पत्ताच नसतो, उदाहरणार्थ स्पॅनिंग ट्रीचे बीपीडीयू (नेटवर्कमधील फेरे टाळण्यासाठी स्विच पाठवतात ते संदेश) किंवा सीडीपीचे (सिस्कोची उपकरणे शेजाऱ्यांना ओळख देतात ते) संदेश, त्यांचे या युक्तीत काय होईल याचा भरवसा नाही. व्हीलॅनची, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कांची, तर गोष्टच वेगळी. ट्रंक पोर्टवरून जाणाऱ्या फ्रेममध्ये ८०२.१क्यूची चार बाइटची खूण घातलेली असते आणि घरगुती एक्स्टेंडरला ती बहुधा कळत नाही. आपण पोर्ट ट्रंक केला त्या क्षणी लॅपटॉपच्या व्हीलॅनमधील फ्रेमवर ही खूण चढू लागली आणि त्या पलीकडे पोहोचेनाशा झाल्या. लॅपटॉप नेटिव्ह, म्हणजे ट्रंकवर बिनखुणेने जाणाऱ्या, व्हीलॅनमध्ये असता तर त्याच्या फ्रेमवर खूण चढली नसती आणि कदाचित त्याचे इंटरनेट चालूही राहिले असते. मग मात्र दोष शोधायला आपल्याला अधिक वेळ लागला असता.

आता मोबाइलच्या प्रसंगाकडे येतो, कारण या पत्रातील खरी गंभीर बाब तीच आहे. आपल्या प्रयोगशाळेतील एखाद्या राउटरवर सरावासाठी डीएचसीपी सर्व्हर (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सेवा) चालू असावा, असा माझा अंदाज आहे. एक्स्टेंडर स्विचला जोडल्यामुळे घरचे नेटवर्क आणि तो स्विच हे एकाच ब्रॉडकास्टच्या आवारात आले. मोबाइल वाय-फायशी जोडला जाताना ‘मला पत्ता हवा आहे’ अशी हाक सगळ्यांना उद्देशून मारतो आणि साधारणपणे ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. हाक आपल्या राउटरनेही ऐकली, त्याने तत्परतेने १०.१०.१० ने सुरू होणारा काहीतरी पत्ता दिला, आणि मोबाइल अशा गेटवेकडे पॅकेट पाठवू लागला ज्याला इंटरनेटची वाटच माहीत नव्हती. एक्स्टेंडर आपले स्वतःचे वाय-फायही पसरवत असेल आणि ते मोबाइल त्यालाच जोडलेले असतील, तर ही गफलत होणे आणखी सोपे. प्रयोगशाळा बंद झाल्यावर मोबाइलनी पुन्हा हाक मारली आणि या वेळी घरच्या राउटरचे उत्तर मिळाले. घरातल्यांनी याबद्दल आपल्याला फार बोल लावले नसतील अशी आशा आहे. मोठ्या कार्यालयांतही हा प्रकार घडतो, आणि तो रोखण्यासाठीच स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय असते.

तिसरी अडचण, म्हणजे राउटरांमागच्या संगणकांना इंटरनेट न मिळणे, हिचा वाय-फायशी फारसा संबंध नाही. समजा, घरचे नेटवर्क १९२.१६८.१.० आहे आणि आपला एक संगणक दोन राउटरांमागे १०.१०.२०.५ या पत्त्यावर बसला आहे. त्याचे पॅकेट घरच्या राउटरपर्यंत पोहोचलेही असेल. परंतु घरच्या राउटरला १०.१०.२०.० हे नेटवर्क कुठे आहे हे कोणी सांगितलेलेच नाही, त्यामुळे उत्तर परत पाठवायची वेळ आली की तो ते आपल्या डीफॉल्ट मार्गाने, म्हणजे घराबाहेर, ढकलतो आणि ते तिथेच विरून जाते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे घरच्या राउटरवर आपल्या प्रयोगशाळेचे स्टॅटिक, म्हणजे हाताने दिलेले, मार्ग लिहिणे. तो शुद्ध उपाय आहे, पण अनेक घरगुती राउटरांवर तशी सोय नसते, आणि असली तरी त्यांतले काही फक्त स्वतःच्या सबनेटमधून (पत्त्यांच्या पट्ट्यातून) आलेल्या पॅकेटांचेच नॅट करतात, म्हणजे त्यांवरचा आतला पत्ता बदलून बाहेर चालणारा पत्ता लावतात. दुसरा उपाय म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रवेशद्वारावरच नॅट करणे, म्हणजे घरच्या राउटरला आत काय चालले आहे हे कळण्याची गरजच उरत नाही. आपण दुसरा उपाय करावा.

प्रवेशद्वाराच्या राउटरला आपण पहिला राउटर म्हणू. एक्स्टेंडरच्या इथरनेट पोर्टमधून निघालेली केबल थेट या राउटरच्या एका पोर्टमध्ये जावी आणि त्या केबलवर तिसरे काहीही नसावे. स्विच तर नसावाच. पहिल्या राउटरच्या दुसऱ्या पोर्टपासून आपली प्रयोगशाळा सुरू होईल. या मांडणीत एक्स्टेंडरला आपल्या बाजूला एकच मॅक पत्ता आणि एकच आयपी पत्ता दिसतो, आणि त्याची ती युक्ती नेमकी एवढ्याचसाठी बनलेली आहे. आत व्हीलॅन, ट्रंक, स्पॅनिंग ट्री, डीएचसीपी यांचा हवा तेवढा गोंधळ घाला. त्यातले काहीही राउटर ओलांडून हवेत जाणार नाही.

पत्त्यांची आखणी आधी कागदावर करावी. खासगी वापरासाठी १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने तीन पट्टे राखून ठेवले आहेत: १०.०.०.० पासूनचा आठ बिटांच्या मास्कचा, १७२.१६.०.० पासूनचा बारा बिटांच्या मास्कचा आणि १९२.१६८.०.० पासूनचा सोळा बिटांच्या मास्कचा. घरगुती राउटर बहुतेक तिसऱ्या पट्ट्यातले पत्ते वापरतात, तेव्हा प्रयोगशाळेसाठी पहिल्या पट्ट्यातला एखादा तुकडा, समजा १०.१०.०.० आणि सोळा बिटांचा मास्क, ठरवून टाकावा आणि त्याबाहेर जाऊ नये. सरावाच्या पुस्तकांत जिथे तिथे १९२.१६८.१.० हेच नेटवर्क उदाहरणादाखल दिलेले असते आणि आपण ते जसेच्या तसे टंकित करतो. घराचेही तेच असेल तर एकाच राउटरच्या दोन पोर्टांवर एकच सबनेट देण्याचा प्रयत्न होईल आणि राउटर तो ‘ओव्हरलॅप’ म्हणून नाकारेल. नाकारले तर बरेच म्हणायचे. दोन राउटर पलीकडे तेच नेटवर्क वापरले गेले तर कोणी नाकारत नाही, आणि पॅकेट मात्र भलतीकडे जात राहतात.

आता प्रत्यक्ष आज्ञा. आपले राउटर सिस्कोचे असावेत असे धरून लिहितो. इतरांवर शब्द बदलतील, क्रम तोच राहील. एक्स्टेंडरकडच्या पोर्टवर ‘आयपी ॲड्रेस डीएचसीपी’ ही आज्ञा द्यावी आणि त्याला ‘आयपी नॅट आउटसाइड’ असे घोषित करावे. आतल्या पोर्टला १०.१०.०.१ असा पत्ता देऊन ‘आयपी नॅट इनसाइड’ म्हणावे. त्या पोर्टवर व्हीलॅनसाठी सबइंटरफेस (एकाच पोर्टचे आभासी भाग) केले असतील तर ही ओळ प्रत्येक सबइंटरफेसवर लिहावी लागते, आणि नेमकी एखाद्यावर राहून जाते. मग एका साध्या ॲक्सेस लिस्टमध्ये (कोणत्या पत्त्यांना मुभा आहे याच्या यादीत) १०.१०.०.० हे नेटवर्क ०.०.२५५.२५५ या वाइल्डकार्डसह (उलट्या मास्कसह) ‘परमिट’ करावे आणि शेवटी ‘आयपी नॅट इनसाइड सोर्स लिस्ट’ या आज्ञेत ती यादी, बाहेरच्या इंटरफेसचे नाव आणि ‘ओव्हरलोड’ हा शब्द द्यावा. हा शेवटचा शब्द विसरू नये; त्याच्यामुळेच बाहेरच्या एकाच पत्त्यावर अनेक संगणकांचे काम एका वेळी चालते. यादीत ‘परमिट एनी’ लिहून मोकळे होण्याचा मोह टाळावा; राउटरची स्वतःची पॅकेटेही मग नॅटच्या तावडीत सापडून विचित्र दोष निर्माण होऊ शकतात.

पत्ता डीएचसीपीने मिळाला की डीफॉल्ट मार्गही आपोआप येतो. सिस्कोच्या राउटरवर त्याचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (मार्गाच्या भरवशाचा आकडा, कमी तितका चांगला) २५४ असते, म्हणजे आपण हाताने दुसरा डीफॉल्ट मार्ग लिहिला की हा मागे पडतो. हाताने लिहायचाच झाला तर नेक्स्ट हॉप (पुढचा टप्पा) म्हणून घरच्या राउटरचा आयपी पत्ता द्यावा. केवळ बाहेरच्या इंटरफेसचे नाव देऊ नये. नुसते नाव दिले की राउटरला वाटते, सगळे इंटरनेट याच केबलवर बसले आहे, आणि तो प्रत्येक परक्या पत्त्यासाठी एआरपीची, म्हणजे ‘या आयपी पत्त्याचा मॅक पत्ता कोणता’ अशी, हाक मारत सुटतो. सरळ केबलवर घरचा राउटर प्रॉक्सी एआरपीने (दुसऱ्याच्या वतीने स्वतः उत्तर देऊन) कधी कधी सांभाळून घेतो. मध्ये मॅक पत्ते बदलणारा एक्स्टेंडर असताना त्या उपकाराची अपेक्षा करू नये.

कधी कधी एक्स्टेंडरमधून डीएचसीपीचा पत्ताच येत नाही. त्याचेही मूळ त्या युक्तीतच आहे: डीएचसीपीच्या संदेशाच्या पोटात मागणाऱ्याचा खरा मॅक पत्ता लिहिलेला असतो, सर्व्हर कधी कधी उत्तर थेट त्या पत्त्यावर पाठवतो, आणि घरच्या ॲक्सेस पॉइंटकडे तर त्या पत्त्याची नोंदच नसते. अशा वेळी झगडत बसण्यापेक्षा घरच्या राउटरच्या डीएचसीपी पट्ट्याबाहेरचा एक पत्ता, समजा १९२.१६८.१.२५०, हाताने देऊन टाकावा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या राउटरला बाहेरची वाट सांगण्यासाठी प्रत्येकावर डीफॉल्ट मार्ग लिहिता येईल, परंतु आपण ओएसपीएफचा (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या पद्धतीचा) सराव करीत असाल तर पहिल्या राउटरवर ‘डीफॉल्ट-इन्फर्मेशन ओरिजिनेट’ ही आज्ञा देऊन तो मार्ग ओएसपीएफमधूनच पसरू द्यावा. पुस्तकात वाचताना ही आज्ञा कोरडी वाटते. पहिल्या राउटरची बाहेरची केबल काढल्यावर तो मार्ग आतल्या राउटरांच्या तक्त्यातून नाहीसा होताना पाहिला की ती कायमची लक्षात राहते. बाहेरचा इंटरफेस मात्र पॅसिव्ह (ओएसपीएफचे संदेश न पाठवणारा) ठेवावा आणि त्यावर सीडीपी बंद करावे, कारण घरच्या राउटरशी ओळख वाढवण्याचे काही कारण नाही.

एवढे केल्यावर प्रयोगशाळेपासून इंटरनेटपर्यंत दोनदा नॅट होईल: एकदा आपल्या राउटरवर आणि एकदा घरच्या राउटरवर. दुहेरी नॅट या शब्दाची उगाच भीती घातली जाते. आतून बाहेर जाणाऱ्या वापराला, म्हणजे पान उघडणे, फाइल उतरवणे, घड्याळ जुळवणे यांना, त्याने काही होत नाही. बाहेरून आत कोणी यायचे असेल तर दोन्ही ठिकाणी पोर्ट पुढे पाठवावे लागतात, आणि सरावाच्या प्रयोगशाळेत बाहेरून कोणी न आलेलेच बरे.

उलट दिशेचा धोका मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही. घरचे नेटवर्क आपल्या प्रयोगशाळेच्या दृष्टीने ‘बाहेर’ आहे, म्हणजे प्रयोगशाळेतील कोणताही संगणक घरातल्या प्रिंटरपर्यंत, कॅमेऱ्यापर्यंत, घरच्यांच्या संगणकापर्यंत नॅटमधून सहज पोहोचू शकतो. आपण तिथे जुन्या, सुरक्षा-दुरुस्त्या थांबलेल्या प्रणाली चालवणार असाल तर हे योग्य नाही. पहिल्या राउटरच्या आतल्या इंटरफेसवर, आत येणाऱ्या दिशेने, एक विस्तारित ॲक्सेस लिस्ट लावावी: आधी घरच्या राउटरच्या पत्त्यावर डीएनएससाठी (नावावरून आयपी पत्ता शोधण्यासाठी) यूडीपी आणि टीसीपीचा ५३ क्रमांकाचा पोर्ट खुला करावा, मग १९२.१६८.१.० हे संपूर्ण नेटवर्क नाकारावे आणि शेवटी उरलेले सगळे जाऊ द्यावे. संपूर्ण नेटवर्क नाकारल्यावर इंटरनेट कसे चालेल, असा प्रश्न हमखास पडतो. इंटरनेटला जाणाऱ्या पॅकेटवर गंतव्य म्हणून दूरच्या सर्व्हरचा पत्ता असतो, घरच्या राउटरचा नसतो. घरचा राउटर फक्त मॅक पत्त्याच्या पातळीवर पुढचा टप्पा असतो. म्हणून यादीला ते पॅकेट अडवण्याचे कारणच मिळत नाही. मी स्वतः एकदा या यादीतल्या डीएनएसच्या परवानगीचा आणि नेटवर्कच्या नकाराचा क्रम उलटा लिहिला होता, त्यामुळे नावांचे पत्ते मिळेनासे झाले आणि संध्याकाळभर मी एक्स्टेंडर खोलीभर फिरवत सिग्नल शोधत होतो. तेव्हा ही यादी सगळे सुरळीत चालल्याची खात्री झाल्यावरच, सर्वांत शेवटी लावावी.

खात्री कशी करायची, तेही सांगतो, कारण इथे एक फसवी पायरी आहे. पहिल्या राउटरच्या कन्सोलवरून घरच्या राउटरला पिंग करावे, मग ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला, आणि मग एखाद्या नावाला. तिन्ही जमले म्हणजे काम झाले असे बहुतेकांना वाटते. परंतु राउटर स्वतः पिंग करतो तेव्हा तो बाहेरच्या इंटरफेसचा पत्ता वापरतो, आणि तो पत्ता घरच्या नेटवर्कमधलाच असल्याने नॅट पूर्ण चुकलेले असले तरी हे पिंग यशस्वी होते. म्हणून विस्तारित पिंग वापरून उगमाचा पत्ता आतल्या इंटरफेसचा द्यावा आणि लगेच ‘शो आयपी नॅट ट्रान्सलेशन्स’ पाहावे. तक्ता रिकामा असेल तर इनसाइड-आउटसाइडच्या ओळी किंवा यादीतले वाइल्डकार्ड चुकले आहे. तक्त्यात नोंद आहे पण उत्तर येत नाही, तर पॅकेट बदलून बाहेर पडले आहे आणि दोष पुढे कुठेतरी आहे. तिथून एक्स्टेंडर आणि रेडिओ यांच्याकडे संशयाने पाहायला हरकत नाही. आतल्या दुसऱ्या-तिसऱ्या राउटरची पाळी यानंतर.

रेडिओविषयी थोडेच सांगतो. एक्स्टेंडरच्या पानावर ‘क्लायंट’, ‘ब्रिज’ किंवा ‘ॲडॉप्टर’ अशा नावाचा मोड असल्यास तो निवडावा, म्हणजे तो स्वतःचे वाय-फाय पसरवणे थांबवतो. एकच रेडिओ असलेला एक्स्टेंडर ऐकलेली प्रत्येक फ्रेम त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे त्याच्या वाय-फायवर असलेल्यांचा वेग साधारण निम्मा होतो. पसरवणे बंद केले की त्यात हवा वाया जात नाही आणि मोबाइल चुकून त्याला जोडले जाण्याचा प्रश्नही मिटतो. डब्ल्यूआयएसपी नावाचा मोड दिसल्यास त्यात एक्स्टेंडर स्वतःच राउटर होऊन आणखी एक नॅट करतो. तोही चालेल, फक्त त्याने मध्ये कोणते सबनेट आणले आहे ते पाहून घ्यावे. भिंती जास्त असतील तर २.४ गिगाहर्ट्झ, जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झ. वेगाची काळजी करू नये. जुन्या राउटरांचे फास्ट इथरनेट पोर्ट मुळात १०० मेगाबिटचे आणि नॅट करताना त्यांचा प्रोसेसर त्याच्याही खूप आधी दमतो. एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्यावा: एखादे जुने वायरलेस उपकरण फक्त डब्ल्यूईपी ही जुनी, कमकुवत सुरक्षा जाणते म्हणून घरच्या वाय-फायची सुरक्षा कमी करू नये. जे उपकरण निदान डब्ल्यूपीए-२ बोलत नाही ते या कामाला घेऊ नये.

जुना लॅपटॉप मध्ये ठेवण्याची सूचनाही चुकीची नाही. विंडोजमध्ये इंटरनेट कनेक्शन शेअरिंग चालू केले की लॅपटॉप वाय-फायवरून इंटरनेट घेतो आणि इथरनेट पोर्टवर स्वतः १९२.१६८.१३७.१ हा पत्ता धारण करून नॅट व डीएचसीपी दोन्ही करतो; पहिल्या राउटरचा बाहेरचा पोर्ट त्याला जोडायचा, बाकी मांडणी वर सांगितली तशीच. लिनक्स असेल तर आयपी फॉरवर्डिंग चालू करून नॅट करणारा ‘मास्करेड’चा एक नियम लिहिला की झाले, आणि तसे करताना शिकायलाही बरेच मिळते. फक्त विंडोजमध्ये वाय-फाय आणि इथरनेट हे दोन्ही निवडून त्यांचा ‘ब्रिज’ करू नये. तीन पत्त्यांचे दुखणे तिथे पुन्हा वर येते. लॅपटॉपचा खरा तोटा एवढाच की तो झोपला की प्रयोगशाळाही झोपते. आपल्याकडे चालता एक्स्टेंडर आहे, म्हणून लॅपटॉप मी पॅकेट टिपण्याच्या कामाला ठेवीन.

इंटरनेट मिळाल्यावर पहिला उपयोग घड्याळाचा करावा. अनेक जुन्या राउटरांत वीज गेल्यावर वेळ जपणारी बॅटरी नसते आणि ते सुरू झाले की दिनांक १ मार्च १९९३ दाखवतात. लॉगमधील सगळ्या घटना त्या दिवशी घडल्यासारख्या दिसतात आणि तीन राउटरांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत. पहिल्या राउटरला इंटरनेटवरील एनटीपी सर्व्हर (अचूक वेळ सांगणारी सेवा) द्यावा आणि आतल्या दोघांना पहिल्याकडून वेळ घ्यायला सांगावे. एनटीपी यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. वरच्या यादीत त्याला वेगळी परवानगी लागत नाही.

आयपीव्ही-६ चा सराव सध्या प्रयोगशाळेच्या आतच ठेवावा, असे मी सुचवीन. घरच्या नेटवर्कला बहुधा चौसष्ट बिटांचे एकच प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा, नेटवर्क ओळखणारा भाग) वापरायला मिळालेले असते, ते आतल्या अनेक नेटवर्कांत वाटता येत नाही, आणि वेगळे प्रीफिक्स मागण्याची सोय घरच्या राउटरने द्यावी लागते. ‘एफडी’ने सुरू होणारे खासगी पत्ते सरावाला पुरेसे आहेत.

राहिला जीएनएस-३ चा प्रश्न. तिथे ‘क्लाउड’ नावाचा नोड वाय-फाय कार्डाला जोडला की आभासी राउटर स्वतःच्या मॅक पत्त्याने बोलू पाहतो, ॲक्सेस पॉइंटकडे मात्र फक्त लॅपटॉपच्या कार्डाची नोंद असते. म्हणजे आपल्या स्विचमागच्या संगणकांचीच अवस्था, फक्त एका संगणकाच्या पोटात. तिथे ‘क्लाउड’ काढून ‘नॅट’ हा नोड ठेवावा. तो जीएनएस-३ च्या आभासी यंत्रातून किंवा लिनक्सवरून चालतो आणि सामान्यतः १९२.१६८.१२२.० या नेटवर्कमधला पत्ता डीएचसीपीने देतो. त्याला आपल्या पहिल्या आभासी राउटरचा बाहेरचा पोर्ट जोडावा आणि पुढच्या आज्ञा खऱ्या राउटरवर दिल्या तशाच द्याव्यात. त्या राउटरवर मात्र डीएनएससाठी १९२.१६८.१२२.१ हा पत्ता लिहायला विसरू नये, नाहीतर पिंग चालते आणि नावे चालत नाहीत.